दाजींच्या घरामागच्या टेकड्या

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दात करायचे. काढायचे नाहीत, करायचे. लोकांचा इथेच घोटाळा व्हायचा. कुणी ओळख करून दिली की समोरचा माणूस लगेच आ वासून आपली दाढ दाखवायला लागे. दाजी शांतपणे म्हणत, "मिटा. सगळे पडले की या."

त्यांचं काम डॉक्टरांच्या पाठीमागचं. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवत. दाजी त्यात प्लास्टर ओतून साचा काढत, त्यावर मेणाची हिरडी चढवत, एकेक दात तिच्यात रोवत आणि शेवटी घासूनपुसून गुलाबी कवळी डबीत घालून परत पाठवत. कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत साचे वाळत पडलेले, मागच्या खोलीत घासायचं चाक. टेबलावर, फळीवर, खिडकीत, सगळीकडे माणसांचे जबडे. माझी भाची लहानपणी तिथे गेली की त्या जबड्यांना नावं देऊन त्यांची आपसात भांडणं लावायची. एका जागी टिकायची नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. आज दोन मुलांची आई आहे, पण आमच्यासाठी भिंगरीच.

दाजींना वेड होतं डोंगरांचं. मोठ्या डोंगरांचं. लग्नाआधी एकदा ते मित्रांबरोबर बर्फाच्या डोंगरांपर्यंत जाऊन आले होते. वर चढणं काही झालं नाही. हवा बिघडली आणि पायथ्याच्या तळावरूनच सगळ्यांना मागे फिरावं लागलं. पण निघायच्या दिवशी सकाळी ढग थोडा वेळ फाटले आणि समोरचं शिखर त्यांना दिसलं. ही गोष्ट ते फार सुंदर सांगत. सांगताना आवाज आपोआप खाली जाई. "मान वर करतोय, करतोय, तरी संपतच नाही. मला वाटलं मागे पडेन." ताई ही गोष्ट कितीदा ऐकून बसली असेल कोण जाणे, पण मधे कधी बोलली नाही.

त्या सकाळनंतर दाजींच्या लेखी दुसरं काही डोंगर म्हणायच्या लायकीचं उरलं नाही. पुन्हा जायचं, या खेपेला वरपर्यंत जायचं, एवढंच डोक्यात. त्यांनी चांगले बूट घेतले. जाड कापडाची पाठपिशवी घेतली. ती कपाटावर ठेवलेली असे आणि दरवर्षी एकदा खाली उतरवून, उन्हात टाकून, झटकून पुन्हा वर जाई. बुटांना तेल लावलं जाई. रविवारी सकाळी गिर्यारोहकांच्या मंडळात जाऊन ते दुसऱ्यांनी काढलेले फोटो पडद्यावर पाहत आणि नकाशे वाचत बसत. दुपारी कारखान्यात जाऊन आठवड्याचं मागे राहिलेलं काम उरकत. आणि दरवर्षी जायचं म्हटलं की काहीतरी आडवं येई. कधी त्यांच्या आईचं आजारपण, कधी कारागीर अचानक सोडून गेला, कधी भिंगरीची परीक्षा, कधी छप्पर गळायला लागलं. दाजी कुरकुर करत नसत. "पुढच्या वर्षी," म्हणत आणि कामाला लागत. वाईट माणूस नव्हेच. आईच्या आजारपणात ताईनं जेवढं केलं तेवढंच त्यांनीही केलं. घरात कधी आवाज चढवला नाही. फक्त मन इथे नसायचं.

आता गंमत अशी की त्यांच्या घराच्या मागेच टेकड्या होत्या. गावात कुणाला विचारलं, इथे जवळ टेकड्या आहेत का, तर तो आधी नाही म्हणायचा आणि मग आठवून, "हां, त्या होय," म्हणायचा. त्यांना नाव नव्हतं. मागच्या टेकड्या, बस. पायथ्याशी गावाचा राडारोडा पडलेला, मग एक बंद पडलेली खडीची खाण, वर पिवळं गवत आणि माथ्यावर मोबाइलचा टॉवर. कुणी पाहुण्याला नेऊन दाखवावं असं काही नाही. फिरायला जाणारी माणसं नदीकाठच्या बागेत जात.

भिंगरी शाळेत होती तेव्हा एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, आपण मागच्या टेकड्यांवर जाऊ या ना रविवारी."

दाजी म्हणाले, "टेकड्या कसल्या त्या. जमिनीला सूज आलीय नुसती. आपण खरे डोंगर बघायला जाऊ, तू जरा मोठी हो."

आम्ही सगळे हसलो. मीही होते त्या दिवशी जेवायला. वाक्य चांगलं होतं, हसण्यासारखं होतं. भिंगरी पण हसली.

वर्षं गेली. भिंगरी शिकली, लांबच्या देशात नोकरीला गेली, तिथेच लग्न करून राहिली. ताई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, ती निवृत्त झाली. तिचे गुडघे त्याच्या आधीपासूनच बोलायला लागले होते. जिना उतरताना ती तिरकी व्हायची आणि एकेक पायरी घ्यायची. मग दाजींनी कारखाना भागीदाराच्या मुलाकडे सोपवला आणि घरी आल्या आल्या कपाटावरची पिशवी खाली काढली. वयस्क माणसांना घेऊन बर्फाच्या डोंगरांत जाणारा एक गट होता, त्यात त्यांनी नाव घातलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, जा, हरकत नाही, पण आधी चढायची सवय करा, पाठीवर वजन घेऊन.

दाजींनी राहत्या इमारतीच्या जिन्यावर सुरुवात केली. पिशवीत पिठाचे पुडे भरून वर, खाली, पुन्हा वर. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, घर बदलताय का. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना.

ताई मशिनवर पडद्याला टीप घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मागच्या टेकड्या आहेत की."

"सरावापुरत्या चालतील," दाजी म्हणाले.

त्या दिवशी काय झालं ते त्यांनी मला नंतर इतक्यांदा सांगितलंय की मला ती वाट स्वतः चालल्यासारखी वाटते. सुरुवात त्यांच्या अंदाजाप्रमाणेच झाली. फुटक्या फरशा, मोडकी कमोडं, अंगावर येणारी कुत्री. मग खाणीच्या कडेनं चढ, उन्हात, गुडघाभर गवतातून. मोज्यांत कुसळं घुसत होती. टॉवरपाशी पोचून ते थांबले, पाणी प्यायले, गावाकडे पाहिलं. गाव होतं तसंच होतं, फक्त लहान. झालं, असं म्हणून ते वळणार होते. पण टॉवरच्या कुंपणाला वळसा घालून एक पायवाट पुढे गेलेली दिसली आणि पाय अजून दमले नव्हते, म्हणून ते गेले.

गावातून जी एक टेकडी वाटायची ती नुसती पुढची भिंत होती. मागे टेकड्याच टेकड्या होत्या, एकीच्या खांद्यामागून दुसरीचा खांदा निघालेला, आणि त्यांच्या मधे झाडांनी गच्च भरलेली एक खोल घळ. वाट एका अरुंद धारेवरून जात होती. दोन्ही बाजूंना उतार. वारा गवतावरून जाई तेव्हा सगळी उतरण अंगावर काटा आल्यासारखी हलायची. दाजी उभे राहिले. एक घार त्यांच्या पायांच्या खालून तरंगत गेली. घारीची पाठ त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तपकिरी रंग, त्यात फिकट पट्टे, आणि मान इकडून तिकडे वळवत चाललेली, बाजारात आलेल्या बाईसारखी.

मग ते घळीत उतरले. आत एकदम गार. जुनी झाडं, बुंधे शेवाळलेले, वर पानांचं छत. मधोमध पलंगाएवढा एक सपाट खडक, त्याच्या खालून पाणी झिरपून एका खळग्यात साठलेलं. इतकं नितळ की तळाची पानं मोजावीत. गावाचा आवाज अजिबात नाही. घळीच्या दुसऱ्या तोंडातून पलीकडची नदी दिसत होती, एवढं मोठं वळण घेऊन गेलेली, आणि आसपास एकही घर नाही. कामावर जाताना दाजी ज्या नदीच्या पुलावरून आयुष्यभर गेले, तीच ही नदी आहे हे त्यांच्या लक्षात यायलाही वेळ लागला.

ते खडकावर बसले. आधी आनंद झाला, म्हणाले. आणि मग राग आला. कुणावर ते कळेना.

ते घरी आले तेव्हा मी ताईकडेच होते. दार उघडलं तर दाजी लाल झालेले, केसांत काटक्या, पिशवी अजून पाठीवरच. मी म्हटलं, "दाजी, बसा आधी, पाणी घ्या." ते कसले बसतात. उभ्या उभ्याच सांगायला लागले. टेबलावर बोटानं वाट काढून दाखवली, टॉवर म्हणून मिठाची बरणी ठेवली. इतकं बोलताना मी त्यांना त्या शिखराच्या गोष्टीशिवाय कधी ऐकलं नव्हतं. "आणि त्या घळीत खाली एक खडक आहे, सपाट, हा एवढा."

ताई पडद्याची किनार दुमडत होती. तिनं विचारलं, "त्याच्याखाली पाणी असतं अजून?"

"असतं. खळगा भरून," दाजी म्हणाले, आणि पुढे नदीचं सांगायला लागले. दोन वाक्यं बोलले आणि थांबले.

"तुला काय माहीत पाण्याचं?"

"आम्ही जायचो की. मी आणि भिंगरी."

"कधी?"

"रविवारी."

"कुठल्या रविवारी?"

"सगळ्याच," ताई म्हणाली. "तुम्ही मंडळात गेलात की आम्ही निघायचो. दुपार व्हायची यायला. तुम्ही तोवर कारखान्यात."

दाजींनी पाठीवरची पिशवी काढून खाली ठेवली. "मला कधी बोलली नाहीस."

"बोललो होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंगरीनं तुम्हाला सगळं सांगितलं होतं. घारीचं, पाण्याचं. तुम्ही विचारलंत, उंची किती. तिला काय माहीत उंची. तुम्ही हसलात." ताईनं दोरा दाताखाली धरून तोडला. "प्रेमानंच हसलात, वाईट काही नाही. पण मग तिनं सांगायचं सोडलं. आणि तुम्ही काही विचारलं नाहीत."

"पण माझ्या लक्षात कसं नाही आलं?"

ताईनं दुसरी किनार दुमडायला घेतली.  मला आठवलं, ताईच्या दारात नेहमी मातीनं भरलेले दोन जोड असायचे आणि भिंगरीच्या मोज्यांतून कुसळं काढत ताई ओट्यापाशी बसलेली असायची. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, "फिरून आलो जरा." मला तेवढंच पुरलं होतं. दाजींना विचारायचंही सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी भिंगरीला फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं. सुरुवातीला भिंगरी हसत होती. "बाबा, तुम्ही? मागच्या टेकड्यांवर?" मग त्यांचा आवाज ऐकून तिनं हसणं आवरलं.

"तुम्ही काय करायचात गं तिथे?" दाजींनी विचारलं.

"काही नाही. चालायचो. संत्री खायचो. आई झोपायची त्या खडकावर."

"झोपायची?"

"आजी आजारी होती तेव्हा तर पार घोरायची. घरात कुठे झोप मिळत होती तिला." मग म्हणाली, "मी इकडे नोकरी घ्यायचं ठरवलं ना, ते आईला पहिल्यांदा तिथेच सांगितलं. आई रडली खूप. मग म्हणाली, जा."

दाजींना ती संध्याकाळ आठवली असणार. मला आठवली. भिंगरीनं जेवताना सांगितलं होतं, बाबा, मी जातेय. दाजी नंतर मला म्हणाले होते की दोघींचं आधीच बोलणं झालेलं दिसतंय, पण कधी झालं, कुठे झालं, एवढंसं घर, मला कसं ऐकू आलं नाही.

"मला का नाही सांगितलंत आधी?" त्यांनी फोनवर विचारलं. भांडायला नाही. खरंच विचारत होते.

"तुम्ही घरी नसायचात असं नाही, बाबा," भिंगरी म्हणाली. "पण तुम्ही कायम पुढच्या वर्षी असायचात."

दुसऱ्या दिवशी दाजींनी जाहीर केलं की बर्फाच्या डोंगरांचा बेत रद्द. आपण कुठे जात नाही. आता इथेच.

ताई चिडली. ती चिडलेली मी फार कमी वेळा पाहिलीय. मशिनचं झाकण तिनं आपटलंच. "माझ्यासाठी काही रद्दबिद्द करू नका. मला नकोत ते उपकार. इतकी वर्षं त्या डोंगराच्या नावावर आम्ही दोघी वजा झालो. आता निदान जाऊन तरी या, म्हणजे कशापायी ते कळेल."

मग दाजी गेले.

परत आले ते काळवंडून, गाल बसून, पण तब्येतीनं ठणठणीत. फोटो दाखवले. मंडळातल्या लोकांनी हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. एकदा ते एकटे सापडले तेव्हा मी विचारलं, "कसं होतं दाजी, खरं सांगा."

"खोटं कशाला बोलू. डोंगर खरंच मोठे आहेत. मला वाटत होतं त्याहून मोठे आहेत." मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले. "पण एक सांगतो. वरच्या तळावर तंबूत सगळे बसलो होतो. एकानं विचारलं, या वयात एवढा दम कुठून आणलात, सराव कुठे केलात. मी मागच्या टेकड्यांचं सांगायला लागलो. धार, घळ, खडक, पाणी. सगळे ऐकत राहिले. एक बाई म्हणाल्या, किती नशीबवान आहात, मुलांना घेऊन लहानपणापासून जात असाल तिथे."

"मग?"

"मी हो म्हणालो," दाजी म्हणाले. "म्हणालो, दर रविवारी. मुलगी पुढे पळायची, बायको मागे, मी मधे. असं सगळं रचून सांगितलं. आणि सांगताना मला इतकं खरं वाटत होतं, तुला काय सांगू."

त्यानंतर ते मागच्या टेकड्यांवर नेमानं जायला लागले. मंडळात जाणं सुटलं. परत आले की ताईपाशी बसून काय पाहिलं ते सांगायचे आणि ताई आपलं शिवण करत करत त्यात भर घालायची. ते म्हणायचे, धारेच्या टोकाला मोठा दगड आहे. ती म्हणायची, त्याच्या मागे जा, वारा लागत नाही, आम्ही तिथे डबा उघडायचो. ते म्हणायचे, घळीत उतरताना पाय घसरतो. ती म्हणायची, डावीकडून उतरा, मुळांना धरून. बायकोनं सांगितलेल्या वाटेनं ते पुढच्या खेपेला जायचे आणि येऊन सांगायचे, आहे, तू म्हणालीस तसंच आहे. पाहणाऱ्याला वाटावं, किती छान चाललंय दोघांचं. तसं छानच चाललं होतं. पण प्रत्येक वेळी त्यांच्या हाती असं काहीतरी लागायचं की ते दोन-दोन दिवस मुके होऊन बसायचे.

दाताचंच घ्या. भिंगरीचा पुढचा दात लहानपणी अर्धा तुटला होता. दाजींनी स्वतः त्यावर टोपण केलं होतं, आणि ते त्यांच्या हातचं सगळ्यांत नाजूक काम असेल. रंग जुळावा म्हणून ते तिला खिडकीपाशी उभी करून, ऊन बदलेल तसे वेगवेगळे नमुने धरून पाहत होते. आजही ती हसली तर कुठला दात खरा नि कुठला दाजींचा, सांगता येत नाही. तर एक दिवस ते घरी येऊन म्हणाले, त्या उतरणीवर ढिले दगड फार आहेत. ताई म्हणाली, "तिथेच पडली होती ना ती. दात तुटला तेव्हा."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणाली होतीस, पडली."

"पडलीच होती."

"कुठे पडली ते मी नाही विचारलं?"

"नाही. तुम्ही म्हणालात, तोंड उघड, बघू."

ताई हे लागेल असं बोलत नव्हती. झालेलं सांगत होती, एवढंच. दाजी उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथे वाळत घातलेल्या कपड्यांत उभे राहिले.

एकदा, मी भाजी निवडत बसले होते, तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच तिला विचारलं. "मी तेव्हा म्हणालो असतो, मीही येतो, तर तू मला घेऊन गेली असतीस?"

ताईनं मशिन थांबवलं. विचार केला. "पहिली काही वर्षं, हो," ती म्हणाली. "मी वाटच बघायचे. वाटायचं, आज मंडळ नसेल, आज हे म्हणतील. नंतर नाही. नंतर तुम्ही आला असतात तर मला आवडलं नसतं. ते आमचं झालं होतं."

दाजींनी मान हलवली. जणू एखाद्या डॉक्टरनं सांगितलं की ठसा नीट आला नाही, पुन्हा घ्यायला हवा, आणि पेशंट तर निघून गेला.

तिला एकदा वर न्यायचं, हे मात्र त्यांनी मनात घेतलं. ताई नको म्हणत होती. "मला खालून दिसतात तेवढ्या पुरे आहेत." पण त्या हिवाळ्यात भिंगरी आली, मुलांना नवऱ्यापाशी ठेवून एकटीच, आणि तिनंही लकडा लावला. टॉवरपर्यंत दुरुस्तीची गाडी जाते असा एक कच्चा रस्ता आहे. दाजींनी भागीदाराच्या मुलाची जीप मागून आणली, टॉवरच्या पहारेकऱ्याला भेटून परवानगी काढली, जीपमध्ये एक खुर्ची टाकली, ताईसाठी उशी घेतली, गुडघ्यांवर घ्यायला शाल घेतली. लग्नाला निघाल्यासारखी त्यांची धावपळ चालली होती. मला म्हणाले, तूही चल, तिला धरायला कुणीतरी हवं.

टॉवरच्या कुंपणापाशी खुर्ची मांडून आम्ही ताईला बसवलं. हवा स्वच्छ होती, गवत पिकून तांबूस झालं होतं, धार थेट शेवटपर्यंत दिसत होती. दाजी तिच्या शेजारी उभे राहून तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," ताई म्हणाली. मग म्हणाली, "इथून घळ दिसत नाही. मी विसरलेच होते की इथून घळीतलं काहीच दिसत नाही. आम्ही इथे कधी थांबायचोच नाही."

दाजी म्हणाले, थोडं पुढे खुर्ची नेऊ, मी आणि भिंगरी उचलतो तुला. ती म्हणाली, नको, पडू सगळे. "तुम्ही दोघं जाऊन या. मी बसते. खरंच जा."

ते गेले. मी आणि ताई पाहत राहिलो. भिंगरी पुढे, झपझप. इतक्या वर्षांनी आली होती, पण कुठे दगड आहे, कुठे वाट वळते, तिला काही बघावं लागत नव्हतं. दाजी मागे. दर आठवड्याला चालून पक्की केलेली वाट, तरी त्यांना तिच्या वेगानं जाणं जमत नव्हतं. मधे एकदा ती थांबली, मागे वळून काहीतरी बोलली, हात पुढे केला. त्यांनी तो धरला. मग दोघं उतरणीआड गेले.

"जमलं असतं त्यांना," ताई म्हणाली. "चांगले चालतात."  तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली.

ऊन उतरायला लागलं तसे ते परत आले. दाजींचा चेहरा खुललेला होता. भिंगरीनं त्यांना कुठे काय झालं ते सगळं दाखवलं होतं, असं ते म्हणाले. डोळे पुसल्यासारखे दिसत होते, पण वाऱ्यानंही होतं तसं. आम्ही आवराआवर करत होतो, तेवढ्यात भिंगरीनं खालच्या उतरणीवरच्या एका झाडाकडे बोट केलं. वाऱ्यानं एका बाजूला वाकलेलं, एक फांदी पुढे काढलेलं, साधंच झाड.

"आई," ती म्हणाली, "मोठ्या बाई अजून ड्यूटीवर आहेत."

ताईनं तिकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. तिचं हसू पाहून भिंगरीला हसू आलं. "वही कुठाय," भिंगरी कसातरी आवाज काढून म्हणाली आणि मग दोघींना आवरेना. ताई खुर्चीच्या हाताला धरून वाकली, डोळ्यांतून पाणी आलं, एका हातानं भिंगरीला मारतेय, पुरे गं, पुरे.

दाजीही हसत होते, कुणी हसलं की आपण हसतो तसे. "कोण मोठ्या बाई?" त्यांनी विचारलं.

"अहो, ते झाड," ताई म्हणाली. "हिच्या शाळेतल्या त्या नव्हत्या का, त्या अशाच उभ्या राहायच्या... नाही, म्हणजे एकदा पाऊस आला होता आणि आम्ही त्या झाडाखाली..." ती पुन्हा हसायला लागली. "भिंगरे, तू सांग."

"बाबा, मी ना गृहपाठाची वही..." भिंगरीनं सुरुवात केली, दोन-तीन वाक्यं सांगितली, आणि मग थांबली. "जाऊ दे. सांगून नाही कळायचं ते."

"असू दे, असू दे," दाजी म्हणाले.

त्या झाडाजवळून ते दर आठवड्याला जात होते. ते जरा वेळ त्याच्याकडे नीट पाहत उभे राहिले, इकडून, मग थोडं सरकून तिकडून. मग त्यांनी खुर्चीची घडी केली, उशी काखेत घेतली आणि आम्हा तिघींच्या आधी जीपकडे चालायला लागले.